डाव्या हाताने दिलेले पाणी

कुणी पाण्याचा गडवा पुढे केला की हिंगणीचे ते प्रकरण मला आजही आठवते. प्रकरण कसले, स्टेशन डायरीतली चार ओळींची नोंद. पण मोठमोठ्या गुन्ह्यांपेक्षा माझा जीव तिथेच जास्त गुंतला.

सकाळची हजेरी चालू असताना सावंगीच्या दवाखान्यातून फोन आला. हिंगणीचा एक तरुण घोडीवरून पडला होता, मांडीचे हाड मोडले होते. त्याच्या घरी लग्नाच्या वरातीसाठी दोन घोड्या पाळलेल्या. मी जबाब घ्यायला गेलो तर म्हणाला, "एकटाच होतो साहेब. घोडी बिचकली अन् पडलो."

विषय तिथेच संपायचा. पण संध्याकाळी आमच्या खबऱ्याने, एका चहावाल्याने, हळूच सांगितले, "घोड्या दोन होत्या साहेब. धरणाच्या रस्त्यावर शर्यत लावली होती, एकमेकीवर आदळल्या. दुसरीवर कोन होतं, मले नाई मालूम."

हवालदार म्हणाला, "तक्रारच नाही, तर आपण कशाला डोकं लावायचं?" त्याचे बरोबर होते. पण दोन भरधाव घोड्या एकमेकींवर आदळल्या तर हाड एकाचेच कसे मोडेल? दुसरा कुठेतरी उपचारावाचून कण्हत पडला असणार. मला आरोपी नको होता, तो जखमी हवा होता.

दवाखान्यात कोण आले हे सगळेच पाहतात. कोण आले नाही, हे पोलिसाने पाहावे. अख्खे गाव भेटून गेले होते, आला नव्हता तो त्याचा जिवलग मित्र.

त्या मित्राचे घर गाठले. आई म्हणाली, "ताप हाये त्याले, निजून राह्यला." तेवढ्यात अंगावर चादर ओढलेला तो स्वतःच बाहेर आला आणि पाण्याचा गडवा पुढे केला. डाव्या हाताने.

आई खेकसली, "साहेबाले डाव्या हातानं पानी देतं का रे? लाज नाई वाटत?"

पोराचा चेहरा उतरला. मी चादर बाजूला केली. उजवा खांदा सुजून काळानिळा पडला होता, वर हळदीचा लेप.  हे आईलाही ठाऊक नव्हते.

"दवाखान्यात काऊन नाई गेला?" मी विचारले.

"गेलो असतो त तुमाले फोन आला असता. केस लागली का पोलीस भरती गेली माही." तो रडायलाच लागला. "रानडुक्कर आडवं आलं साहेब. माही घोडी वळली अन् त्याच्यावर आदळली. मुद्दाम नाई केलं."

"अरे, हातच गेला तर भरतीत गोळा कशानं फेकशील?"

त्याला जीपमध्ये घालून थेट सावंगीला नेले. त्याला पाहताच खाटेवरचा मित्र ओरडला, "तुले म्हटलं होतं न, इकडे येऊ नको म्हनून!" मग दोघेही रडले. माझेही डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

खांदा निखळला होता. आणखी उशीर झाला असता तर हात कामातून गेला असता, असे डॉक्टर म्हणाले. दोघांचे खरे जबाब झाले. तक्रार कुणाचीच नव्हती आणि रानडुकराला समन्स काढायची सोय नव्हती. अपघाताची नोंद करून कागद बंद केले.

पुढे कितीतरी महिने दोघे एकाच बसने तपासणीला जात. एक कुबड्यांवर, दुसऱ्याचा हात गळ्यात. परतताना ठाण्यात डोकावत. हवालदार चिडवी, "दोघं मिळून एक धड मानूस होते पाहा!" खांद्याचा व्यायाम दुखतो म्हणून चुकवला की कुबडीवाला तक्रार करी, "साहेब, यानं आज हात वर केलाच नाई." मग मी त्याला ठाण्याच्या भिंतीशी उभा करून बोटे वर चढवायला लावी आणि पोहोचेल तिथे खडूने खूण करी. मागची खूण ओलांडली की सगळ्यांना चहा. फार चांगले दिवस होते ते.

भरतीत मात्र तो गोळाफेकीत बाद झाला.

निवृत्तीनंतर, गेल्या हिवाळ्यात, हिंगणीला जाणे झाले. पाय मोडलेला आता लगाम धरून वरातीत पुढे चालतो. मित्राचे देवळीला दुकान आहे, मी येणार म्हणून तो मुद्दाम आला होता. गुन्हा करून लपलेला माणूस शोधायला आम्हाला शिकवतात. आमच्याच भीतीने दुखणे लपवून बसलेला माणूस शोधायला मी या पोरांमुळे शिकलो.

त्या मित्राच्या घरी बसलो, तशी त्याची आई पाणी आणायला उठली. त्याने तिला बसवले आणि स्वतः गडवा घेऊन आला. उजव्या हाताने. तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही. मला तहान नव्हती, तरी मी अख्खा गडवा रिकामा केला.