तक्त्याची शेवटची ओळ

नंबरवाले,

तुम्ही हल्ली दुकान उघडता, पण डोळे तपासायला आलेल्याला दारातूनच परत पाठवता. वरच्या खिडकीतून मी रोज बघते. खाली येऊन बोलले तर तुम्ही कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू आवळत मान खाली घालाल, म्हणून लिहिते आहे.

अख्खी गल्ली तुम्हाला नंबरवाले म्हणते ते उगाच नाही. तुमच्या सासऱ्यांच्या हाताखाली शिकलात. पेटीतली भिंगं नुसत्या बोटांनी ओळखायचात. "हे बरं की ते बरं?" करत माणसाला तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत नेल्याशिवाय खुर्चीतून उठू द्यायचा नाहीत. माझ्यासारख्या कटकट्या प्राध्यापिकेलाही दोनदा परत बसवलंत. शेवटची ओळ वाचली की डोळे ठणठणीत, ही तुमची व्याख्या, सासऱ्यांचीही तीच. डोळ्यातला दाब मोजायचा असतो, आत मागे नस असते ती बघायची असते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते तुम्हाला काय शिकवणार, कपाळ?

वहिनींचा उजवा खांदा दाराला आपटायचा, उजवीकडचा पेला कलंडायचा. "हिला काचेच्या कपाटापासून लांब ठेवा," तुम्ही म्हणायचात. "तुमचं लग्न त्या पेटीशी लागलंय, तिलाच जपा," त्या म्हणायच्या. आपण हसायचो. मीही हसले आहे.

दरवर्षी तुम्ही त्यांना खुर्चीत बसवत होतात आणि दरवर्षी त्या शेवटची ओळ धडाधड म्हणत होत्या. गिऱ्हाइकाने तक्ता पाठ केला असेल अशी शंका आली, तर तुम्ही तो उलटा करून मागची अक्षरं वाचायला लावायचात. बायकोसाठी मात्र कधी उलटा केला नाहीत. बावीस वर्षं रोज सकाळी तो तक्ता ओल्या फडक्याने पुसत कोण होतं?

गेल्या वर्षी उजवीकडून आलेली सायकल त्यांना दिसलीच नाही, तेव्हा कुठे आपण मोठ्या रुग्णालयात गेलो. तारीख मिळाली चार महिन्यांनंतरची. डॉक्टर दोन, रांग फाटकापर्यंत. डॉक्टरीणबाईंनी आत बघून सांगितलं, काचबिंदू. उजवा डोळा गेला, डाव्याला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. उरलंय ते थेंबांनी टिकवायचं, गेलेलं परत येत नाही.

"दरवर्षी तपासणी व्हायची म्हणता. कोण करायचं?" त्यांनी विचारलं.

"मीच," तुम्ही म्हणालात.

वहिनींनी तुमची बाही धरली. "अहो, मी खोटं नाही हो बोलले. मला वाटायचं दिसतंय. ओठ आपोआप चालायचे."

त्या दिवसापासून तुम्ही पेटी उघडलेली नाही. दूधवाल्याला म्हणालात, निदान माझ्या हातून तरी कुणाचा डोळा जायला नको. नंबरवाले, स्पष्ट बोलते, याने कुणाचा डोळा वाचत नाही. तुम्ही परत पाठवलेल्यांना रुग्णालयात चार महिन्यांनंतरची तारीख मिळते, म्हणून ते कोपऱ्यावरच्या चकचकीत दुकानात जातात. तिथला माणूस सहा महिन्यांचं प्रमाणपत्र भिंतीला लावून पाच मिनिटांत यंत्रातून नंबर काढून देतो. आत तोही बघत नाही. डोळे तपासायचं चार वर्षं नीट शिकलेल्या मुली इथे थांबत नाहीत. आणि चष्मा लागलेली पोरं नि साखर वाढलेली म्हातारी माणसं तर दर वर्षी वाढतायत. यावर उपाय काय, मला विचारू नका. माझ्याकडे नाही.

पण एक गोष्ट तुम्ही कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मीच लिहिते. बारा वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात तुमच्यासारख्या कामकरी चष्मेवाल्यांसाठी संध्याकाळचा दोन वर्षांचा वर्ग निघाला होता. दाब मोजणं, नस बघणं, सगळं त्यात होतं. फॉर्म मीच आणला, मीच भरला. त्याला तुमची बारावीची गुणपत्रिका जोडायची होती, आणि ती ओल लागून गेलेली. तुमच्या शाळेची मुख्याध्यापिका माझी विद्यार्थिनी. दुसरी प्रत मी आणते म्हणाले. मग परीक्षेचे पेपर तपासायला आले, मग माझा गुडघा धरला. तुम्ही दोनदा जिना चढून विचारायला आलात, तिसऱ्यांदा आला नाहीत. प्रवेशाची मुदत टळली, आणि पुढच्या वर्षी तो वर्गच बंद झाला.

फॉर्म माझ्या खणात आहे, तुमचा फोटो लावलेला. शाळा इथून दोन थांब्यांवर आहे. मी गेले नाही.