आमच्या भावजींचं चिनी

अशा लांब काय बसलात परक्यासारखं? इकडं सरका, पंख्याखाली या. आणि ती कानातली बोंडं आधी काढा बघू. एका घरातली चार माणसं चार फोनवर चार मारामाऱ्या बघतात आणि शेजारच्याच्या फोनात कोण मेलं ते ह्याला कळत नाही, याला काय पिक्चर बघणं म्हणतात? मारामारी बघावी ती गर्दीत, मांडीला मांडी लावून, आणि बघण्यापेक्षा ऐकावी. हे शिक्षण मला माझ्या धाकट्या दिरांनी दिलं. साऱ्या चीन देशाला जेवढं चिनी येत असेल, त्यापेक्षा कांकणभर जास्तच चिनी आमच्या भावजींना यायचं. म्हणजे गल्लीचं तसं मत होतं. चीनचं मत कुणी विचारलं नाही. आणि याच चिनीपायी म्हातारपणी त्यांच्या घरात अबोला शिरायची पाळी आली होती, तेच सांगायला बसलेय मी.

शहागंजच्या मागं एका बोळात तेव्हा व्हिडिओ पार्लर होतं. पत्र्याची खोली, खाली सतरंजी, पुढं टीव्ही आणि त्याच्या खाली तापून तापून कुकरसारखा झालेला व्हीसीआर. भावजी वाळूजला कंपनीत लेथवर होते. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसमधून उतरून घरी यायच्या ऐवजी स्वारी थेट बोळात. पार्लरचे मालक कुठून कुठून कराट्याच्या कॅसेटी आणायचे. त्यात बोलणं सगळं चिनी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि तीही अर्धी पडद्याच्या बाहेर सांडलेली. एके दिवशी लोक खवळले. कोण कुणाला का मारतंय तेच कळेना. एकानं तर चप्पल हातात घेतली. तेव्हा आमचे भावजी उठले, टीव्हीच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बैठो रे सब, मैं बोलताऊं ना." आणि बोलत सुटले ते पुढं कितीतरी वर्षं. पडद्यावरच्या पांढऱ्या दाढीच्या उस्तादानं तोंड उघडलं की भावजींच्या घशातून आवाज यायचा, "क्या रे, तेरेकू कित्ती बार बोल्या, बाजार कू अकेला नक्को जा." उस्ताद एक शब्द बोलून गप्प झाला तरी भावजींचं भाषांतर चांगलं घोटभर चहा होईपर्यंत चालायचं. कुणी शंका काढलीच, तर म्हणायचे चिनी भाषा दाबून भरलेली असते, गादीतल्या कापसासारखी. उसवली की खोलीभर होते.

लोकांना हिरो आवडायचा. भावजींना हिरो बिलकूल आवडायचा नाही. त्यांचा जीव एका किडकिडीत माणसावर होता. गालफडं बसलेली, कानावर केस, डोळ्यात कायम पगार झाला नाही असा भाव. हा माणूस हरेक कॅसेटीत असायचा, नेहमी खलनायकाच्या टोळीत, आणि नेहमी मध्यंतराच्या आत मरायचा. त्याचं खरं नाव कुठं छापलेलं नव्हतं. भावजींनी त्याचं नाव ठेवलं बारक्या. मी एकदा विचारलं, एवढं काय आहे त्या मार खाणाऱ्यात? तर म्हणाले, "मारायला काय वहिनी, कुणालाबी येतं. मार खाऊन समोरच्याचा हात भारी दाखवायचा, हे काम बारक्याचं. हा नीट पडतो म्हणून तो हिरो दिसतो."

बरं, नुसतं कौतुक करून थांबावं की नाही? छे. चांगली चांगली वाक्यं हिरोच्या तोंडून काढून त्यांनी बारक्याला द्यायला सुरुवात केली. बारक्या मग गुंड राहिला नाही, तो पोलिसांचा माणूस झाला, टोळीत मुद्दाम शिरलेला. कधी तो हिरोचा जत्रेत हरवलेला थोरला भाऊ असायचा आणि धाकट्याचा मार प्रेमानं खायचा. मेला तर भावजी घाईघाईनं सांगायचे की मेलेला नाही, बेशुद्ध आहे, सिल्लोडकडं एक वैद्य आहे तिथं नेलाय. पुढं दीड तास बारक्याचा पत्ता नसायचा, पण प्रत्येक मारामारीत भावजी आठवण द्यायचे की हा डाव बारक्यानं शिकवलेला, आणि शेवटी हिरो डोंगरावर एकटा उभा राहिला की तो कुणाकडं बघतोय ते तुम्हाला दिसत नाही, मला दिसतंय. लोक बारक्यासाठी टाळ्या वाजवायचे. चीनमध्ये त्या बिचाऱ्याला कुत्रं ओळखत नसेल, शहागंजात त्याच्या नावानं शिट्ट्या पडायच्या.

घरातही हाच कारभार. सकाळी दात घासायचे ते एका पायावर उभं राहून. कपाटाचं दार पायानं लावायचं, तेही वळून पाठमोरं. सत्यनारायणाच्या नारळावर नजर रोखून भटजी पोथी संपवेपर्यंत श्वास भरत बसले आणि आरतीनंतर हाताच्या कडेनं असा काही फटका घातला की नारळ होता तसाच राहिला आणि भावजी प्लास्टर घालून आले. पण त्यांची खरी नजर पडणाऱ्या माणसावर. क्रांती चौकात एकदा एक साहेब स्कूटरवरून घसरले. लोक धावले, कुणी पाणी आणलं, आणि आमचे भावजी त्यांना उठवून धूळ झटकत म्हणाले, "साहेब, खांदा आधी टेकवला, लई झकास. मान मात्र जरा आत घ्यायची." साहेब लंगडत लंगडत मागं वळून बघत गेले.

त्यांना चिनी येतं हे कंपनीतही पोचलं होतं. एकदा चीनहून कोणी मशीनवाला पाहुणा आला. दुभाषा वाटेत कुठं तरी अडकला, म्हणून फोरमननं भावजींना लेथवरून ओढून पुढं उभं केलं. आता आली का पंचाईत. पण माणूस धीराचा. बोलण्याच्या आधी वाकायचं असतं, एवढं कॅसेटींनी शिकवलेलं. हे वाकले. पाहुणा वाकला. हे आणखी खाली गेले, म्हणून तो आणखी खाली गेला. आधी वर कोणी यायचं, हे दोघांनाही ठरवता येईना. सगळं खातं मशीन बंद करून बघत राहिलं. शेवटी जेवणाची घंटा झाली आणि दोघंही सुटले. पाहुणा जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हसला. झालं, फोरमननं साऱ्या वाळूजला सांगितलं की दोघांचं काय ते मनातल्या मनात बोलणं झालं.

आता आमच्या जाऊबाईंचं सांगते, कारण सगळा पेच तिच्यापाशी आहे. मी तिला धाकटी म्हणते. पैठणच्या विणकराची लेक. पदर उलटा करून बघितल्याशिवाय ती साडी खरी मानत नाही, आणि माणसाचंही तसंच. खोटं तिला सोसत नाही. भांडत नाही, ओरडत नाही, नुसती बोलणं बंद करते. तिच्या सख्ख्या भावानं मशीनवरची साडी हातमागाची म्हणून विकली, तर वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. राखी बांधली, तोंडातून शब्द नाही. अशा बाईच्या वडलांनी पैठणभर सांगितलेलं की जावयाला चिनी येतं. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात भावजींनी तिला पार्लरमध्ये नेलं, रविवारी दुपारी बायकांचा वेगळा खेळ असायचा तिथं. बारक्याला सिल्लोडला नेलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून रडली. घरी आल्यावर मला म्हणाली, "अक्का, माणूस शिकलेला आहे हो." तो पिक्चर आणि ते वाक्य, दोन्ही ती आजपर्यंत जपून होती.

आणि मग यंदा माझ्या मुलानं भिंतीएवढा टीव्ही आणला. त्यात जगातलं काय वाटेल ते दिसतं. एकदा सगळे चुरमुऱ्यांची सुशीला खात बसलो होतो, मुलानं काही तरी दाबलं आणि काका, हा बघा तुमचा पिक्चर, म्हणून तोच पिक्चर पडद्यावर आणला. वर लिहिलेलं, हिंदीत. म्हणजे खरं हिंदी, जाणकारांनी केलेलं. धाकटीचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. म्हणाली, येत्या रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून बघायचा, पहिल्यापासून. भावजींच्या हातातली सुशीलेची बशी तिथंच राहिली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आले माझ्याकडं. उंबऱ्यावर बसले. एवढा टीव्हीशेजारी उभं राहून डरकाळ्या फोडणारा माणूस, आवाज अगदी पडलेला. "वहिनी, मला चिनीतलं ओ की ठो येत नाय, ते तुम्हाला माहीत आहे. तिला नाय माहीत. आता या वयात ती बोलायची थांबली, तर मी कुणाशी बोलू?" मी म्हटलं, सांगून टाका आधीच. तर म्हणाले, हजारदा ठरवलं, पण ती दर वेळी कुणाला तरी अभिमानानं सांगत असते आणि माझी जीभ उचलत नाही. मग काय, आठवडाभर त्यांचे डाव सुरू झाले. टीव्हीनं डोळे जातात म्हणाले. पैठणला जाऊन येऊ, धरणावर वारा चांगला आहे म्हणाले. शनिवारी रिमोट नाहीसा झाला, तो माझ्या ज्वारीच्या डब्यात सापडला. रविवारी सकाळी पोटात दुखायला लागलं. धाकटीनं ओवा दिला, गरम पाणी दिलं आणि त्यांना हाताला धरून आमच्या घरी आणलं.

बसलो सगळे. भावजी दाराजवळच्या खुर्चीवर, अगदी चपलांच्या शेजारी. पिक्चर सुरू झाला. पांढऱ्या दाढीचे उस्ताद आता शुद्ध हिंदीत बातम्या दिल्यासारखे बोलायला लागले. बाजार नाही, काही नाही, ते म्हणाले, "पुत्र, प्रतिशोध का मार्ग कठिन है." माझी सून तोंडावर हात ठेवून हसली, मी तिला डोळ्यांनी दाबलं. मग बारक्या आला. धाकटी पुढं सरकून बसली. आता बारक्या बोलणार. बारक्या म्हणाला, "जी, मालिक." पुन्हा थोड्या वेळानं म्हणाला, "जी, मालिक." मग हिरो आला, त्यानं छातीत लाथ घातली, बारक्या सुंदर पडला, आणि मालक म्हणाले, "मर गया. फेंक दो इसे." फेकलंही. सिल्लोड नाही, वैद्य नाही, थोरला भाऊ नाही. एवढंच होतं त्याचं सगळं काम.

 भावजी स्वतःच्या पायाकडं बघत होते. धाकटीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मी मनात म्हटलं, संपलं, आता हिचं तोंड मिटलं. तेवढ्यात ती माझ्या मुलाला म्हणाली, "बाळा, आवाज बंद कर तो. ह्या लोकांना चिनी येत नाय." आणि भावजींकडं न बघताच पुढं म्हणाली, "कुणाकडनं तरी लिहून घेतलंय, सगळा अर्थ उलटा लावलाय. तुम्ही सांगा हो. पहिल्यापासनं."

भावजींनी दोनदा घसा खाकरला. मग उठले, गुडघ्यावर हात टेकून टेकून टीव्हीपर्यंत गेले, जुन्या सवयीनं शेजारी उभे राहिले. उस्तादानं तोंड उघडलं आणि बाजाराची गोष्ट निघाली. बारक्या आला तो पोलिसांचा माणूस म्हणूनच आला. माझी सून, जिनं आत्ताच त्याला मरताना बघितलं होतं, तिनं या खेपेला टाळी वाजवली.

आता तुम्ही विचाराल, धाकटीला कळलं की नाही? पदर उलटा करून बघणारी बाई ती. इतकी वर्षं तिनं ही एकच साडी उलटून बघितली नाही, की कधीच बघून, घडी घालून ठेवून दिली होती, देवाला ठाऊक. मेथी निवडताना मी एकदा विषय काढायला गेले. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि मी भाव विचारला मेथीचा. एवढं मात्र डोळ्यांनी बघितलं की त्या दिवशी भावजींच्या चहात तिनं साखर टाकली. एरवी डॉक्टरांनी बंद केलेली आहे.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आमच्याकडं खेळ असतो, आवाज बंद करून. शेजारपाजारच्याही येतात. पण भावजींचा दम आता पूर्वीसारखा नाही. मारामारी खुर्चीवर बसून सांगतात. उस्ताद पूर्वी लांबण लावायचे, आता खरोखरच एका शब्दात आटपतात. मागच्या रविवारी ऐन लढाईत त्यांना खोकला लागला, थांबेचना. पडद्यावर माणसं मुक्यानंच एकमेकांना मारत राहिली. धाकटीनं माझ्या मुलाला खूण केली, त्यानं चित्र थांबवलं. ती पाणी घेऊन आली, पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. आम्ही सगळे थांबलो. बारक्याही थांबला, एक पाय वर करून, तसाच हवेत. पाणी पिऊन झाल्यावर भावजींनी मान हलवली, मग कुठं त्यानं पाय खाली टेकला.

म्हणून म्हणते, नुसतं येऊ येऊ म्हणू नका, या. फार लांबवू नका आता. रविवारी जेवणं उरकली की सरळ निघून या, सुशीला करून ठेवते. तुम्ही आलात की भावजी उभं राहून सांगतील.