रोमिंगकाकांचे दोन मिस्ड कॉल

रोमिंगकाका उभ्या जन्मात एकदाच परदेशी गेले होते, तेही सिंगापूरला आणि तेही नऊ दिवस. पण कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीतून कुणी अमेरिकेला निघो, जर्मनीला निघो की नुसतं दुबईला, तो आधी काकांकडे जायचा आणि मगच विमानतळाकडे. जाणाऱ्याने सोबत फक्त फोन आणायचा. काका जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचे, त्यावर फोन ठेवायला लावायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे आणि म्हणायचे, "आता हात मागे. विचारीन तेवढंच सांगा." पुढचा अर्धा तास फोनमधली एकेक गोष्ट बंद होत जायची. शेवटी फोन इतका बंद व्हायचा, की हा आता वाजेल तरी का, अशी मालकालाच शंका यायची.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी लोकांचे ट्रंककॉल जोडण्यात गेली. तीन मिनिटं झाली की लोकांच्या बोलण्यात शिरून "तीन मिनिटं झाली" असं सांगायचं, हे त्यांचं काम. ते त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नाही. पाहुणे दारात उभे राहून गप्पा मारू लागले की आतून आवाज यायचा, "तीन झाली!" काकू म्हणायच्या, "मला होकार कळवायला मात्र यांना आठ दिवस लागले होते." त्यावर काका म्हणायचे, "लाईन व्यस्त होती."

सिंगापूरला ते पुतण्याकडे गेले होते. परतल्यावर फोनचं बिल आलं. आकडा त्यांनी अगदी शेवटपर्यंत कुणाला सांगितला नाही. एवढंच म्हणायचे, "मी झोपलो होतो, खिसा जागा होता." झालं असं, की त्यांच्या नात्यागोत्याच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलांचे आणि सुविचारांचे फोटो यायचे. खिशातला फोन ते सगळे मुकाट्याने उतरवून घेत होता. नऊ दिवस फुलं सिंगापुरात आली आणि बिल पुण्यात. त्या दिवसापासून काकांनी या विषयाचा असा काही अभ्यास केला, की फोन कंपनीच्या मदत केंद्रातली मुलं त्यांचा आवाज ओळखून "साहेबांना देतो" म्हणू लागली. त्यांना रोमिंगकाका हे नाव आम्ही वरच्या खोलीतल्या मुलींनी दिलं. स्वतः काका डेक्कनच्या पलीकडे सहसा जात नसत.

मी अकोल्याची. नोकरी हिंजवडीला लागली आणि काकांच्या वरच्या खोलीत राहायला आले. पहिल्याच संध्याकाळी काकूंनी खालून हाक मारली तेव्हा मी आमच्या वऱ्हाडी सवयीने ओरडले, "येऊन राहिली, काकू!" काका जिन्याखाली उभे होते. म्हणाले, "येताय की राहताय? एक काय ते ठरवा." मी ओशाळले. मग दोन्ही केलं. आले आणि तीन वर्षं राहिले. काका घरातल्या सगळ्यांना अहो-जाहो करायचे. गच्चीवर येणाऱ्या मांजरालाही "आपण आता निघा" म्हणताना मी त्यांना ऐकलंय. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, पण त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या घरात मिस्ड कॉल ही एक वेगळी भाषा होती. अकोल्याहून येताना बस स्वारगेटला पोचली की मी एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे काकू कुकर लावत. उशीर होणार असेल तर दोन. ते फोन उचलायचे नाहीत, हा नियम. एकदा काकूंनी चुकून उचलला, तर काका दोन दिवस "आज बोलून झालं आहे आपलं" एवढंच म्हणत राहिले.

मला कंपनीने तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा माझ्या फोनवर अर्थातच टेबलावर शस्त्रक्रिया झाली. "मोबाईल डाटा बंद. डाटा रोमिंग बंद. आपोआप उतरणारे फोटो बंद. आता बंद केलेलं पुन्हा एकदा बंद," काका म्हणाले. "गावाचा नकाशा इथूनच उतरवून घ्या. तिथे रस्ता चुकलात तर चालत चुका, इंटरनेटवर चुकू नका. फुकटचं वायफाय म्हणजे पाणपोई. प्या आणि पुढे व्हा. तिथे बसून अंघोळ करायची नसते, म्हणजे बँकेचे व्यवहार करायचे नसतात." मी म्हटलं, "तिथलं सिमकार्ड घेऊन इथलं काढून ठेवू का?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "ठेवा. लाडवाच्या डब्यात ठेवा. बँकेचा ओटीपी आला की लाडू सांगतील तुम्हाला." तेव्हा इथलं सिमकार्ड फोनमध्येच राहिलं. फक्त एक ताकीद मिळाली. रोमिंगवर आलेला फोन उचलला की पैसे उचलणाऱ्याचे जातात. "वाजला तर वाजू द्या. परदेशात उचलणं हा गुन्हा आहे."

मी जर्मनीला जाऊन महिना झाला आणि घोटाळा उभा राहिला. घोटाळ्याचं नाव निखिल. विश्रांतवाडीचा, माझ्याच कंपनीतला, सरळ मुलगा. आमचं लग्न करायचं ठरलं होतं, पण ते फक्त आमच्या दोघांत. बाबांना सांगायचं मी पुढे ढकलत होते, कारण बाबांचा पुण्यावर राग होता. वीस वर्षांपूर्वी त्यांनी पुण्यात कुणाला तरी विचारलं होतं, "स्वारगेट कुठे आहे हो?" तो गृहस्थ म्हणाला होता, "आपण त्यावर उभे आहात. जरा सरकलात तर दिसेल." बाबांनी तो गृहस्थ आणि त्याच्यासकट सगळं शहर तेव्हाच टाकून दिलं. आता आईचा फोन आला, की अमरावतीचं एक स्थळ बाबांना पसंत आहे आणि रविवारी संध्याकाळी ते शब्द देणार आहेत. बाबांनी शब्द दिला की तो मागे फिरत नसे. मला सुट्टी मिळेना. निखिलने जाऊन मागणी घालायचं ठरलं, पण सोबत वडीलधारं कोण? त्याला वडील नव्हते आणि आईचे गुडघे दोन जिनेही चढू देत नव्हते.

"मी जातो," काका म्हणाले.

संध्याकाळच्या वायफायवर मी काकांना सगळं सांगितलं होतं, त्यावर हे ऐकून मला घाम फुटला. पुणेकरांवर रुसलेल्या माझ्या बाबांपुढे अख्ख्या पुण्यातला सर्वांत पुणेरी माणूस जाऊन बसणार! मी चाचरत म्हटलं, "काका, बाबांशी बोलताना जरा..."

"मी काय कुणाला टोचून बोलतो का?"

मागे स्वयंपाकघरात काकूंना मोठा ठसका लागला.

खूण ठरली. बाबा हो म्हणाले तर दोन मिस्ड कॉल. नाही म्हणाले तर एक. उचलायचा नाही. मी विचारलं, "आणि एकही नाही आला तर?" "तर मी अकोल्यात जिवंत नाही, असं समजा."

तो रविवार आमच्या कामाचा होता, नवीन प्रणाली त्याच दिवशी चालू करायची होती. त्या ऑफिसात बाहेरच्या फोनला वायफाय मिळत नसे. फोन मी टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत काम केल्याचं नाटक करत होते. शेजारच्या टेबलाशी उर्सुला बसायची, पन्नाशीची, बोलायला मऊ. दुपारी साडेबाराला फोन वाजला. काकांचा नंबर. दोन रिंगा आणि बंद. एक झाला.

मी दुसऱ्याची वाट पाहू लागले. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. दहा मिनिटं झाली तेव्हा मला कळून चुकलं. माझ्या डोळ्यांसमोर अमरावतीचं स्थळ हारतुरे घालून उभं राहिलं. फोन तिथेच टाकून मी बाथरूममध्ये गेले आणि तोंडात रुमाल कोंबून रडले. खरंच सांगते, इतकं वाईट मला त्यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

पाच मिनिटांनी दार धाडकन उघडलं. उर्सुला हात लांब करून माझा फोन घेऊन धावत आली होती. फोन वाजत होता, पोरगी रडत गेली आहे, काहीतरी महत्त्वाचं असणार, म्हणून त्या भल्या बाईने तो उचलला होता. आणि फोनमधून, कानाला न लावताही ऐकू येईल असा, काकांचा आवाज येत होता: "ठेवा! अहो बाई, ठेवा! उचलायचा नाही! मिस्ड कॉल आहे हा!"

मी फोन हिसकावला. "काका! हो की नाही?"

"आधी ठेव!"

"काका, एकच आला होता हो!"

"हा दुसरा आहे! मध्ये पंधरा मिनिटं ठेवलीत. लागोपाठ दिले तर एकच धरला जातो, एवढंही कळत नाही? अगं, दोन! दोन आहेत! ठेव आता, बिल येतंय तुला!"

तीन वर्षांत काकांनी मला पहिल्यांदा तू म्हटलं. मी हसायला लागले आणि मला थांबताच येईना. उर्सुलाने काही न कळता मला मिठी मारली. तेवढ्यात तिकडे फोनची ओढाओढ झाली आणि बाबांचा आवाज आला, "काहून रडून राहिली व? हा माणूस बंदच करून राहिला फोन. मी म्हटलं, पोरीसंग बोलू तं द्या! पोरगा चांगला आहे. आता या तुह्या काकाले सांग, जेवल्याबिगर मी जाऊ देत नाही म्हणा." मग आई बोलली. मग निखिल बोलला, म्हणजे नुसताच "हॅलो, हॅलो" करत राहिला. मग पुन्हा बाबा. शेवटी काकांनी विचारलं, "किती झाली?" मी म्हटलं, "एकवीस मिनिटं." मग काका म्हणाले, "बरं, मग त्या फोन उचलणाऱ्या बाईंनाही माझा नमस्कार सांग."

लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं छापलं होतं. काका म्हणाले, ते इतरांसाठी. त्यांनी माझं त्या महिन्याचं फोनचं बिल भरलं आणि पावती पाकिटात घालून, वर एक रुपया लावून, बोहल्यावर माझ्या हातात ठेवली. आजही ती माझ्या शालूच्या घडीत आहे.

त्या रविवारी अकोल्यात नेमकं काय झालं, ते मला बाबांनी लग्नानंतर सांगितलं. बाबा अर्धा तास पुण्याविरुद्ध बोलले. काकांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. बाबांचं संपलं, तेव्हा काका म्हणाले, "आपलं झालं असेल तर एक सांगतो. तीन वर्षं ही मुलगी आमच्या घरात आहे. हिच्या लग्नात आम्हा दोघांना कुठल्यातरी एका बाजूला उभं राहायचं आहे. मुलीची बाजू आपली, ती मागता येत नाही. म्हणून मुलाकडून आलो." बाबा म्हणाले, "मंग मी तुह्या आईले म्हटलं, स्वयंपाकाले लाग."

नंतर दर दिवाळीला ते दोघे फोनवर भांडायचे, पाण्यावरून, वांग्याच्या भाजीवरून, कुठलं ऊन अधिक वाईट यावरून. काकूंच्या मागे काका सहा वर्षं राहिले. गेल्या हिवाळ्यात ते गेले, तेव्हा मी बाबांना म्हटलं, गुडघे दुखतात तुमचे, येऊ नका. बाबा रात्रभर प्रवास करून एकटे आले. काकांच्या पुतण्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. स्मशानात सगळे कडेला उभे होते आणि हा धोतरातला म्हातारा पुढे जाऊन लाकडं द्यायला लागला, तसं पुतण्याने अदबीने विचारलं, "आपण काकांचे कोण?"

बाबांनी मान वर न करता सांगितलं, "व्याही."