बासष्ट कळांची हाक

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर टाइपरायटर दुरुस्त करत आले, आणि दुरुस्त झालेलं यंत्र आहे तसं सोडून देणं त्यांना कधी जमलं नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. गिऱ्हाईक अडकलेली कळ सोडवून न्यायला यायचं आणि बघायचं तर कळ सुटलेली, पण शिवाय ओळ संपल्याची घंटी जरा अलीकडे वाजायला लागलेली, एक स्प्रिंग बदललेली, रुळाला नवं रबर. "तुमचं बोट इथे अडखळत असणार, म्हणून थोडं सुधारलं," असं वर सांगायचे. एका कचेरीतल्या टायपिस्टबाईंनी तर हात जोडले होते, की मेकॅनिक, तुम्ही सुधारल्यापासून माझी रोज दहा पत्रं चुकतात, मला माझं जुनं बिघडलेलंच यंत्र परत द्या. गल्लीत सगळे त्यांना मेकॅनिकच म्हणायचे. ताई म्हणायची, जित्याची खोड आहे, तिला औषध नाही.

मी खाली तळमजल्यावर कपडे शिवते. ती दोघं वर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मूलबाळ नाही. ताई मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची, तिचा कान असा की शेजारचं दार कुरकुरलं तर ते कुठल्या सुरात कुरकुरलं हे सांगायची. माझ्या जिभेला हाड नाही हे मीच कबूल करते, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायचे कष्ट नकोत. ताई मात्र कमी बोलायची. तिचं नवऱ्याला "अहो" म्हणणं मला खाली मशीनवर बसून ऐकू यायचं. "अ" बसका, मग "हो" वर चढायचा आणि लगेच थोडासा उतरून थांबायचा. कुठे थांबायचा ते तिचं तिलाच ठाऊक. त्यावर भावोजींचं "आलो, आलो" ठरलेलं, मग हातात पकड असो की चहाचा कप.

एका सकाळी केस विंचरता विंचरता ताई खाली पडली. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजत सगळं होतं, डावा हात धड होता, पण तोंडातून एक अक्षर निघेना. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. तिचं हत्तीच्या पावलानं आलं आणि बसूनच राहिलं.

भावोजींनी तिच्या उशाशी एक पितळी घंटी आणून ठेवली, दुकानाच्या टेबलावर असते तसली. ताईनं ती एकदाच वाजवली आणि डाव्या हातानं भिंतीवर भिरकावली. नवऱ्याला घंटी वाजवून बोलवायचं, हे तिला कसं सोसेल? मग त्यांनी एक खेळण्यातला कीबोर्ड आणला. ताईनं बराच वेळ बोटं फिरवली आणि तीन पट्ट्या एकापाठोपाठ दाबल्या. भावोजी खिडकी लावत होते. पाठमोरेच "आलो" म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिथेच उभे राहिले.

पण ताईनं मान हलवली. तिसरा सूर तिला पटला नव्हता. तिनं एक पट्टी दाबून दाखवली, मग शेजारची दाबली, आणि बोट दोन्हींच्या मधल्या फटीवर ठेवलं. तिचा "हो" तिथे उतरायचा, त्या फटीत, आणि तिथे कुणी पट्टीच ठेवलेली नव्हती.

झालं. भावोजींना एवढं पुरे होतं. मोडीत निघालेले अकॉर्डियन गोळा झाले, त्यांच्यातल्या पितळी पातळ जिभा काढून झाल्या. अशी जीभ टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. भावोजींना गाण्यातलं काही कळत नव्हतं. ते कानस चालवायचे, फुंकर घालून जीभ वाजवायचे, आणि ताई पलंगावरून बोट वर किंवा खाली करायची. मूठ मिटली की सूर लागला. पाच महिने हेच चाललं होतं. एका सप्तकात बाराच्या जागी एकतीस सूर, अशी दोन सप्तकं, म्हणजे बासष्ट. मी म्हटलं, भावोजी, हाकेला तीन लागतात, बासष्टांचं काय लोणचं घालायचंय? ते म्हणाले, आज "अहो" झालं, उद्या पाणी मागेल, परवा तुला रागे भरेल, कुठला सूर कुठल्या फटीत पडेल हे आधी कुणी सांगावं?

आता बासष्ट कळा एका ओळीत लावल्या तर एक हात पुरणार कसा? म्हणून त्यांनी त्या मधाच्या पोळ्यासारख्या मांडल्या, ओळीवर ओळ, प्रत्येक कळ खालच्या दोघींच्या मध्ये. कळा टाइपरायटरच्याच, गोल, वरची अक्षरं तशीच. खाली तारा, तरफा, आणि हवेसाठी एक छोटा विजेचा पंखा. या मांडणीत एक गंमत होती, ती मला, शिवणाऱ्या बाईला, लगेच कळली. नेहमीच्या कीबोर्डवर तेच गाणं दुसऱ्या पट्टीत घ्यायचं तर बोटांची ठेवण बदलावी लागते. इथे तसं नाही. इथे कुठूनही सुरुवात करा, एका चालीला बोटांचा एकच आकार. बाहीचा कागदी नमुना कापडावर कुठेही ठेवला तरी बाही तीच निघते, तसं. ताईला दिसेना झालं, अंधार असला, तरी आकार हातात राहणार.

पहिली मांडणी ताईनं महिनाभर शिकली. मग भावोजींना वाटलं, ओळी जरा तिरक्या हव्यात. दुसरी केली. ताई पुन्हा पहिल्यापासून. मग वाटलं, मधले सूर वरच्या ओळींत नकोत, शेजारीच हवेत. तिसरी केली. तिसरीच्या वेळी ताईनं सगळा पंजा कळांवर आपटला, असा भेसूर आवाज निघाला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. भावोजींनी कान पकडले. म्हणाले, आता हात लावणार नाही, शपथ.

आणि तिसरी जमली. करंगळी प्रश्नचिन्हावर, अंगठा र अक्षरावर, आणि उतरता "हो" मधल्या बोटाखाली, चार आकड्यावर. मी मशीनवर बाही जोडत होते. वरून "अहो" आलं. पितळेचं होतं, किंचित नाकातलं होतं, पण माझ्या बहिणीचं होतं. "आलो, आलो" ऐकू आलं आणि मी कापडात तोंड खुपसून रडले. त्यानंतर पाण्याची हाक झाली, दिवा मालवण्याची झाली. माझी वेगळी होती, ती मला लहानपणापासून ठमे म्हणायची, ते "ठमे" थेट वर चढणारं, रागावलेलं. वर्षभर ते घर पुन्हा बोलतं होतं.

आता माझं ऐका. ताईची करंगळी त्या प्रश्नचिन्हापर्यंत ताणावी लागायची. पेर सुजायला लागलं होतं. तिची काही तक्रार नव्हती. पण मला कुठं राहवतंय? मी भावोजींना जिन्यात गाठलं आणि म्हटलं, एवढे मोठे मेकॅनिक तुम्ही, बायकोचं बोट मोडायची वेळ आली, दिसत नाही का? त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. मला ती ओळखता यायला हवी होती.

पुढच्याच आठवड्यात ताईच्या छातीत कफ दाटला. नऊ दिवस हॉस्पिटलात होती. भेटायला दिवसाकाठी एक तास सोडायचे. उरलेल्या वेळात रिकाम्या घरात त्या माणसानं काय करावं? त्यांनी नवी फळी घेतली, नवी भोकं पाडली, तरफा वाकवून घेतल्या, सगळ्या ओळी फिरवल्या, करंगळीला आता जागचं हलायला नको. ताईला घरी आल्यावर चकित करायचं होतं त्यांना. हवेच्या झडपांखाली लागणाऱ्या फेल्टच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, बासष्ट चकत्या मी कापून दिल्या. हसत हसत कापल्या.

ताई घरी आली ती निम्मी होऊन. पलंगावर टेकवल्याबरोबर तिनं यंत्राकडे बघितलं. भावोजींनी ते पुढ्यात ठेवलं आणि मुद्दाम बाहेरच्या खोलीत गेले, हाक यावी म्हणून. ताईनं न बघता हात ठेवला, आकार तोच, वर्षभराचा. भलताच आवाज आला. तिनं पुन्हा हात ठेवला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिनं एकेक बोट जपून टेकवलं, आणि तेही चुकलं. मग तिनं डावा हात चेहऱ्यासमोर धरला आणि उलटसुलट करून बघत राहिली. मी समोर उभी होते. तिला वाटलं, हा हातही गेला.

भावोजी धावत आले. अगं तू नाही चुकलीस, मी बदललंय, तुझ्या करंगळीसाठी, बघ आता किती जवळ आहे, असं किती वेळा सांगितलं त्यांनी. ताईनं मान डोलावली. कळलं असावं. पण हात पांघरुणाखाली घेतला तो काही बाहेर काढला नाही.

"जुनं करून देतो," भावोजी म्हणाले. "तीन दिवस दे मला."

यंत्र त्यांनी बाहेरच्या खोलीत टेबलावर नेलं आणि उघडलं. जुनी फळी माळ्यावर होती, ती काढली. बासष्ट तरफा पुन्हा सरळ करायच्या, एकेक तार पुन्हा जोडायची. दोन दिवस त्यांनी धड जेवणसुद्धा केलं नाही. ताईच्या उशाशी ती पितळी घंटी परत ठेवली होती. मीच ठेवली. म्हटलं, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, रुसू नकोस.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सूप घेऊन वर गेले. मापाची फीत गळ्यातच होती. भावोजींनी ओठांवर बोट ठेवलं, झोपलीये म्हणून खुणावलं, आणि दबक्या आवाजात सांगितलं की नऊच तारा राहिल्यात, संध्याकाळी देतो तिच्या हातात. दार उघडं होतं. मी आत गेले.

ताई गेली होती. अंग अजून कोमट होतं. घंटी जिथे ठेवली तिथेच होती, तिला हातही लागला नव्हता. डावा हात पांघरुणाबाहेर होता, चादरीवर, बोटं चादरीत रुतवलेली. मला वाटलं वेदनेनं आवळली असतील. मी भावोजींना हाक मारली. ते आले, पकड हातातच होती, आणि तिच्या चेहऱ्याआधी त्यांनी तिचा हात बघितला. करंगळी बाहेर ताणलेली, अंगठा आत, मधलं बोट थोडं उचललेलं.

"हे जुनं 'अहो' आहे," ते म्हणाले. "ठमे, ती मला हाक मारत होती."

आकार कुठेही ठेवला तरी हाक तीच निघते. त्यांनीच तशी मांडणी केली होती. चादरीखाली तेवढ्या जिभा नव्हत्या.

लोकांनी समजावलं, ते वेडं यंत्र आता अडगळीत टाका. त्यांनी तेराव्या दिवसापर्यंत वाट बघितली नाही. दोन दिवसांनी बसून उरलेल्या नऊ तारा जोडल्या आणि झाकण लावून ठेवलं. वाजवलं मात्र कधीच नाही. मी चिडून म्हणायचे, एकदा वाजवा, रडा, मोकळे व्हा. ते म्हणायचे, स्वतःच स्वतःला हाक कशी मारायची? चकत्या मी कापल्या होत्या, करंगळीचं मी काढलं होतं, मला बोलायला तोंड कुठे होतं? एकदा हे त्यांच्यापाशी बोलून दाखवलं, तर म्हणाले, बोट तू दाखवलंस, शपथ मी मोडली.

परवा सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. यंत्र ताईच्या पलंगावर ठेवलं होतं, पंखा सुरू होता. त्यांनी माझी डावी बोटं धरून कळांवर ठेवली, प्रश्नचिन्ह, र, चार. म्हणाले, तुझा हात तिच्यासारखाच आहे. मग ते बाहेर जाऊन टेबलाशी बसले, त्या दिवशी बसले होते तसे, पाठ दाराकडे करून.

मी दाबलं. "अहो" आलं. अगदी तिचं, शेवटी जरासं उतरून थांबणारं. खुर्ची सरकली. "आलो, आलो," म्हणत ते निघाले आणि मी पावलं मोजली, मोजायची नव्हती तरी मोजली गेली. सहा. ते रिकाम्या पलंगाशी येऊन उभे राहिले.

"बघ ठमे," ते म्हणाले, "एवढाच वेळ लागला असता."