रा, कोडी, रा

आमचं गाव उदगीरजवळ आणि आईचं माहेर देगलूरच्या पलीकडं. तिकडं लोक भांडतात मराठीत आणि लाड करतात तेलुगूत. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आजीनं, म्हणजे तिच्या सासूनं, तिची तेलुगू महिन्याभरात बंद पाडली. आमच्या घरात तिला कळणारी बोली चालायची, तिची बोली नाही. पुढं तांबडी कोंबडी आली, तेव्हापासून ती फक्त तिच्याशी तेलुगू बोलायची. 'रा, कोडी, रा,' म्हणायची. कोडी म्हणजे कोंबडी आणि रा म्हणजे ये. आमच्याकडं 'हितंच रा' म्हणजे इथंच राहा. लहानपणी मला वाटायचं, आई तिला थांब म्हणते आणि ही येडी पळत येते.

तांबडी माहेराहूनच आलेली. आईची आई वारली, मामा आधीच हैदराबादला कामाला गेला होता तो तिकडचाच झाला, आणि घराला कुलूप लागलं. तेराव्याहून परतताना आईनं डालग्यात झाकून एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, आणली, बाकी काही नाही. एसटीत सगळी वाट ती डालगं मांडीवर घेऊन बसली. पुढं तांबडीला पिलं झाली, पण काही घारीनं नेली, काही मुंगसानं, आणि उरलेली आमच्या पाहुण्यांनी रस्सा वरपत संपवली. त्या पाहुण्यांचा मला अजून राग येतो.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. पावसानं दडी मारलेली. विहिरीचा तळ दिसत होता, टँकर यायचा तेव्हा बायका घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. वडील म्हणायचे, जिल्हा तर झाला, आता पाणी तेवढं व्हायचं राहिलं.

त्याच उन्हाळ्यात तांबडी शेवटची खुडूक होऊन अंड्यांवर बसली. आईला ते ठाऊक होतं. 'म्हातारी झाली, पुन्हा बसायची न्हाई,' म्हणाली. आठ-नऊ पिलं निघाली. आईला त्यातली एक तलंग जगायला हवी होती, एवढंच. तांबडीमागं माहेरचं काहीतरी अंगणात हिंडत राहावं म्हणून. तसं तिनं बोलून दाखवलं नाही, पण घरात सगळ्यांना कळत होतं. वडीलसुद्धा पिलांवरून थट्टा करेनात.

ऊन असं की खुराड्यात हात घातला तर भाजावा. आईला पिलांची दया आली. भांडी धुतलेलं पाणी ती जपून ठेवायची, त्यात पोती भिजवायची आणि खुराड्यात अंथरायची. गारव्याला पिलं पसरून बसायची, आई बघून सुखावायची. काही दिवसांनी एक पिलू पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं राहिलं. दुसऱ्या सकाळी पोत्यावर रगत दिसलं. हगवणीतून पडलेलं. संध्याकाळपर्यंत ते पिलू गेलं, आणि त्याच्या मागोमाग आणखी दोन.

नव्या जिल्ह्याबरोबर तालुक्याला एक तरुण जनावरांचा डॉक्टर आला होता. वडील सायकलवर जाऊन त्याला घेऊन आले. त्यानं पोतं उचलून बघितलं आणि आईला मावशी म्हणत समजावलं. हा आतड्याचा रोग, ओलीत वाढतो. विष्ठेतून जंतू पडतात, पिलं तिथंच टोचतात आणि पोटात घेतात. मोठ्या कोंबडीला सहसा काही होत नाही, पण तिच्याकडूनही पिलांना लागतो. पोती जाळा, कोरडा भुसा टाका, खाली चुना आणि राख पसरा, पाण्याची परळ विटेवर ठेवा म्हणजे पिलं त्यात हगणार नाहीत. आजारी पिलं वेगळी काढा. ही औषधाची भुकटी पाण्यात मिसळून तेच पाणी पाजा, आणि रोज सकाळी उरलेलं फेकून नवं करा.

आईनं सगळं केलं. स्वतःचं अंथरूण कधी वाळवलं नसेल इतक्या निगुतीनं तिनं भुसा उन्हात वाळवला. माझ्या नाकात अजून तो चुन्याचा वास आहे. तरी पिलं मरतच होती. अंगणात लिंबाखाली वडील खड्डे करायचे.

डॉक्टर पुन्हा आला. परळीत बोट फिरवलं तर तळाला बुळबुळीत लागलं. त्यानं विचारलं, मावशी, हे रोज फेकून देता ना? आईनं परळ आपल्याकडं ओढली. ती शिळ्या पाण्यातच वरून थोडं ताजं ओतत होती, कळलं आम्हाला.

'पाणी कसं फेकू बाबा?' आई म्हणाली. 'घागरीसाठी बाया डोकी फोडून राहिल्यात. वंजळभर पाणी मातीत वतायला हात उठंना माझा.'

डॉक्टर रागावला नाही. हळू आवाजात म्हणाला, ते आता पाणी राहिलं नाही मावशी, औषधाचं बळ गेलं आणि घाण तेवढी राहिली.

आईनं परळ उचलली, अंगणाच्या कडेला गेली आणि पाणी ओतलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. आई तिथंच उभी राहून रडली, मोठ्यानं. तिच्या आईच्या तेराव्यालाही ती अशी रडली नव्हती. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज पाणी ओतायची आणि ओतताना तोंड फिरवायची.

रगत थांबलं. दोन पिलं वाचली. आई दिवसातून दहादा त्यांना उचलून बघायची, मानेखाली, शेपटीखाली. पुढं तुरे लाल झाले आणि एका सकाळी त्यातल्या एकानं कुकूच्कू करायचा फुसका प्रयत्न केला. वडील हसले. आई हसली नाही.

'दोन्ही गडी निघाले,' एवढंच बोलली.

पाऊस येईपर्यंत तांबडी टिकली नाही. तिला काही रोग नव्हता, वय झालं होतं. कोरड्या भुशावर ती मान टाकून पडली होती. आईनं तिला पदरात घेतलं, चोचीला पाण्याचं बोट लावलं. 'रा, कोडी, रा,' म्हणत होती. मी शेजारी बसले होते. इतकी वर्षं ऐकलेला शब्द, पण त्या दिवशी ती तिला ये म्हणत होती की थांब म्हणत होती, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

कोंबडे मोठे झाले, माजले, माझ्या पिंढऱ्यांना टोचायचे. आईनं ते कुणालाच कापू दिले नाहीत. संध्याकाळी दाणे टाकताना ती त्यांना मराठीत बोलवायची, 'या रे, या.'