प्रमाण : एक घागर

काका गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या रेल्वेगाडीनं केम स्टेशन मागं टाकलं होतं. त्यांनाच भेटायला सोलापूरला निघालो होतो. घरातलं कुणी प्रवासाला निघालं की काका फोन करकरून भंडावून सोडत. "कुठवर आलास?" असं विचारायचं आणि तिकडे नकाशावर बोट पुढे सरकवायचं, हा त्यांचा छंद. त्या दिवशी पुढची स्टेशनं कुणीच विचारली नाहीत... महिना उलटून गेला, तरी प्रवासात अजून हात फोनकडे जातो.

काका नोकरीला बँकेत होते, पण जीव नकाशांत. तेही साधे नकोत! रुमालावर छापलेलं शहर, नुसत्या समुद्री वाऱ्यांचा नकाशा, असलं काहीबाही त्यांनी रद्दीवाल्यांकडून आणि परदेशी जाणाऱ्यांच्या मागे लागून जमवलेलं. बाहेरच्या खोलीत दक्षिण दिशा वर असलेला जगाचा नकाशा होता. एखादा पाहुणा "उलटा लागलाय वाटतं" म्हणाला की काकांची कळी खुलायची. "नकाशा सरळ आहे हो, तुम्हीच उलटे बसलात!"

काकू या सगळ्याला 'कागदाचं खूळ' म्हणायची. तिचं माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलेलं, ती परकर नेसत होती तेव्हाच. एकदा ती म्हणाली, "येवढं जग गोळा केलंत, माझं गाव हाय का कुटं?" काकांनी हौसेनं एका जुन्या नकाशात ते शोधून दाखवलं. काकू त्या ठिपक्याकडे बघत राहिली. "आन् आमची वसरी? देवळापुढची चिंच?" दुसऱ्या दिवशी कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन तिच्यासमोर बसले.

"नदी घरापासून किती लांब?"

"घागर या कमरंवरनं त्या कमरंवर एकदा घ्याची, तेवढी."

काकांनी ते हसण्यावारी नेलं नाही. नकाशाखाली सुरेख अक्षरात लिहिलं, 'प्रमाण : एक घागर'.

घरं जमली, नदी जमली, पण चिंच काही जमेना. काकू म्हणायची, "न्हाय वो, जरा अलीकडं." काका खोडायचे. पुढच्या वेळी, "लई अलीकडं आली की." पुन्हा खोडायचे. वर्षानुवर्षं संध्याकाळचा चहा झाला की दोघं त्या कागदावर वाकलेले. "काका, झाड आहे की शेळी? रोज हलतंय," असं आम्ही चिडवायचो. शेवटच्या आजारपणातही कागद उशाशीच. "आता तरी बरोबर आहे का गं?" काकू निरखून बघायची. "जवळ आलीया. उद्या बगू."

परवा मी म्हणालो, "काकू, हा नकाशा फ्रेम करून आणतो." तिनं कागद उलगडला. खोडून खोडून देवळापुढचा कागद पार विरलाय. त्यावरून तिनं हळूच बोट फिरवलं.

"पयल्याच दिवशी बरोबर काडली हुती त्यांनी."

"मग इतकी वर्षं...?"

"बरोबर म्हनलं असतं, तर पेन्सिल ठिवून दिली असती की."

फ्रेमचं राहू दे म्हणाली. कागद आता तिच्या उशाशी असतो, शेजारी काकांची पेन्सिल. तिला टोक केलेलं आहे.