कमरबीचा अंगठा

कमरबीच्या उजव्या अंगठ्याला तीर्थपुरीत मान होता. बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान. हात कितीही आडमुठा असो, ती बोटांच्या मुळाशी अंगठा असा दाबायची की काचेची बांगडी न तडकता मनगटात जाऊन बसायची. तोच अंगठा मिठात बुडवून ती घसा धरलेल्या पोरांची खाली उतरलेली पडजीभ दाबून वर उचलायची. लेकराला घास गिळवेना, की गल्लीतल्या बाया आधी तिच्याकडं जायच्या, दवाखान्याचं नंतर बघायच्या. या कामाचे पैसे तिनं कधी घेतले नाहीत. हे तिला सासूनं शिकवलं होतं, आणि पैसा घेतला की हाताचा गुण जातो असंही सासूनंच सांगून ठेवलं होतं.

त्याच गल्लीतली संध्या बी.ए. झालेली. तिचा या पडजिभेवर विश्वास होता असं नाही, पण अजिबात नव्हता असंही नाही. अकरावीतल्या मोनालीचा घसा धरला, तोंडावर परीक्षा, आणि नवरा नागसेन पुण्याला कंपनीत. संध्यानं लेकीला कमरबीकडं नेलं. कमरबीचाचीनं दाबलं, मोनालीला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं. दोन-तीन दिवसांत घसा मोकळा झाला. संध्यानं चाचीला वाटीभर खीर पाठवली आणि विषय संपला.

आठवड्याभरानं मोनालीला हुडहुडी भरली. गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. मान डावीकडं वळेना, आणि श्वास घेतला की बरगडीत कळ येत होती. शेजारच्या उषाबाईंनी बघताक्षणी निदान केलं, पडजीभ परत पडली. संध्यानं चाचीला बोलावणं धाडलं.

कमरबी दुकान तसंच टाकून आली. बाया अंगणात जमल्याच होत्या. तिनं हात धुतले, मोनालीला तोंड उघडायला लावलं, मग कानाखाली मानेवर नुसतं बोट ठेवलं, तर पोर कळवळली. कमरबीनं हात मागं घेतला आणि मिठाची वाटी बाजूला सारली.

"हे मला समजून न्हाई राह्यलं," ती म्हणाली. "हिला जालन्याला न्या. जल्दी."

उषाबाई हसल्या. "चाची, अंगठा म्हातारा झाला का काय?"

"झाला असंल. तू गाडी बघ."

ज्या अंगठ्यावर तिची सगळी पत उभी होती, त्याचं हसू होताना बघून ती रागावलीही नाही. गाडी आली तेव्हा मोनालीचं डोकं मांडीवर घेऊन तीच आधी बसली. संध्यानं तिला चला म्हटलंही नव्हतं.

जालन्याच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, तर दोन्ही फुफ्फुसांत डाग. डॉक्टरांनी विचारलं, याआधी काय त्रास होता? संध्या म्हणाली, कालपासून ताप आहे. घशाचं तिनं काढलंच नाही. काढलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, औषध काय दिलं? आणि शिकलेल्या बाईनं पोरीला पडजीभ उचलायला नेलं, हे तिच्या तोंडून निघेना. शिवाय घसा बरा झालाच होता की. असं ती स्वतःलाच समजावत राहिली.

न्यूमोनियाची औषधं सुरू झाली, पण मोनालीची धाप वाढतच गेली. तिला आयसीयूत हलवलं. डॉक्टर बाहेर आले. हवा तसा गुण येत नाही, कदाचित मशीनवर ठेवावं लागेल, म्हणाले, आणि पुन्हा विचारलं, यापूर्वी काहीच झालं नव्हतं का? संध्यानं नाही म्हणून मान हलवली. भिंतीला टेकून खाली बसलेली कमरबी गुडघ्यावर हात देऊन उठली.

"सायब, पोरीचा घसा लई दुखत व्हता. मी मिठाचा अंगठा घालून दाबला. हिच्या मायनं न्हाई सांगितलं मला दाबायला, मीच म्हनले व्हते आणा म्हणून."

हे खोटं होतं. संध्या स्वतःहून गेली होती.

डॉक्टर चिडले. लोकांच्या जिवाशी खेळता का, म्हणून सगळ्यांदेखत तिला बोलले. कमरबी पदर सावरून ऐकत राहिली. त्यांचं बोलून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आता सांगितल्याचा काही उपयोग हाय का?"

डॉक्टर म्हणाले, "आहे."

"मीच नेलं होतं तिला," संध्या म्हणाली.

लगेच मानेची सोनोग्राफी झाली. घशातला संसर्ग आत उतरून मानेच्या शिरेत गुठळी झाली होती, आणि तिथून पुवाचे कण रक्तातून फुफ्फुसांत गेले होते. असं लाखात एखाद्यालाच होतं, डॉक्टर म्हणाले. घसा बरा वाटतो, म्हणून कोणाला संशयच येत नाही. हे अंगठ्यानं झालं असं नाही म्हणता येणार, पण असल्या घशात बोट घालायचं नसतं. औषधं बदलली. सकाळी नागसेन पुण्याहून पोचला, तेव्हा मोनाली मशीनशिवाय श्वास घेत होती. पुढं बरेच आठवडे सलाईन चाललं, पण पोर वाचली.

कमरबीनं पडजीभ उचलणं सोडलं. कोणी लेकरू घेऊन आलं की आधी दवाखान्यात पाठवते, आणि का, ते स्वतःच्या नावासकट सांगते. काही बाया तिच्यावर रुसल्या. डॉक्टरनं भेदरवली म्हातारीला, असंही बोलून झालं. संध्या मात्र कितीतरी दिवस धास्तावलेली होती, की दवाखान्यात आपण काय लपवलं ते आज ना उद्या गल्लीत फिरून आपल्या दारात येणार. ते कधीच आलं नाही. कमरबीच्या गोष्टीत संध्या फक्त एक घाबरलेली आई असते.

शेवटी संध्यानंच ते उषाबाईंना सांगून टाकलं.

परवा ती मोनालीला बांगड्या भरायला घेऊन गेली. आजारपणानं हात सुकलेला, मनगटावर सलाईनच्या सुयांचे डाग. "आ कर बघू," कमरबी सवयीनं म्हणाली आणि तिचा अंगठा वर उठला. मग तिचं तिलाच हसू आलं. तो अंगठा तिनं खाली आणला, मोनालीच्या बोटांच्या मुळाशी ठेवला आणि हलकेच दाबत हिरवी बांगडी वर सरकवली.

"सैल होऊन राह्यली," ती संध्याला म्हणाली. "खाऊ घाल पोरीला. पुढच्या बाजाराला मापाच्या भरू."